उचकी आणि मळमळीवरचा चिनी लवंग-पर्सिमॉन काढा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

जठरात थंडी साचल्यामुळे येणारी उचकी आणि तिच्यासोबतची मळमळ यांवर चिनी वैद्यकात जो काढा दिला जातो, त्याचे नाव दिंगश्यांग शीदी थांग. त्यात घटक चारच आहेत: लवंग, पर्सिमॉन या फळाची वाळलेली टोपी, जिनसेंगचे मूळ आणि ओले आले. यांतली लवंग आणि आले मराठी स्वयंपाकघरात कायम असतात, त्यामुळे हा काढा सोपा वाटतो आणि बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. चारही जिन्नस एकदम पातेल्यात टाकून अर्धा तास उकळणे, ओल्या आल्याच्या जागी सुंठ घालणे आणि पित्ताने छातीत जळजळणाऱ्या माणसाला हा उष्ण काढा पाजणे, या चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिल्या दोन चुकांनी काढा निष्प्रभ होतो, तिसरीने त्रास वाढतो. म्हणून या लेखात चूल पेटवण्याच्या आधीचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे.

साधी उचकी काही मिनिटांत आपोआप थांबते, तिच्यासाठी काढा करायचे कारण नाही. हा काढा आहे तो थंड खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा अशक्तपणात वारंवार उलटणाऱ्या उचकीसाठी, आणि तोही डॉक्टरांनी तपासून गंभीर कारण नाही असे सांगितल्यानंतर. चिनी औषधपरंपरेत त्याचा वापर दीर्घकाळ रुळलेला असला, तरी मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांचा आधार त्यामागे नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

टप्पा १: उचकी थंडीची आहे की उष्णतेची, हे ठरवा

चिनी वैद्यकात जठराची शक्ती, म्हणजे तिथला ‘ची’, खालच्या दिशेने वाहावा अशी अपेक्षा असते. तो उलटा वर चढला की उचकी, ढेकर किंवा मळमळ होते. पण तो वर का चढला, याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाचा काढा वेगळा असतो. दिंगश्यांग शीदी थांग फक्त थंड आणि दुबळ्या जठरासाठी आहे.

थंडीची उचकी संथ आणि जड असते, दोन उचक्यांमध्ये बरेच अंतर असते. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा दोन घोट गरम पाणी प्यायले की बरे वाटते, आणि फ्रिजमधले पाणी, बर्फ, थंड फळे यांनी ती पुन्हा सुरू होते. तहान फारशी लागत नाही, भूक मंद असते, छातीच्या मध्याखाली भरल्यासारखे वाटते, हातपाय गार पडतात आणि जीभ फिकी होऊन तिच्यावर पांढरा थर दिसतो.

उष्णतेच्या उचकीचे चित्र याच्या अगदी उलटे असते. आवाज मोठा, उचक्या एकामागून एक, तोंडाला वास, थंड पाण्याची ओढ, बद्धकोष्ठ, लघवी पिवळी आणि जिभेवर पिवळा थर. अशा माणसाला लवंग-आल्याचा काढा देणे चुकीचे आहे. उष्णता आणि अशक्तपणा एकत्र असतील तर चिनी वैद्य वेगळाच काढा देतात. त्यात संत्र्याच्या जातीच्या फळाची साल, बांबूच्या खोडाचे पातळ काप, आले, ज्येष्ठमध, जिनसेंग आणि चिनी बोरे असतात. भरपेट जेवणानंतर आंबट ढेकरांसोबत येणारी उचकी ही तिसरीच गोष्ट. तिथे अपचनावर उपाय करावा लागतो आणि जिनसेंगसारखे बलवर्धक मूळ पोट आणखी जड करते.

माझ्या मते मराठी घरांत सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. आपल्याकडे मळमळीची तक्रार बहुतेक वेळा आम्लपित्ताशी जोडलेली असते: घशाशी आंबट येते, छाती जळते, तिखट-तळलेले खाल्ले की त्रास वाढतो. हे लक्षण असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवावा.

तपासा: जीभ सकाळी, काही खाण्यापिण्याच्या आधी आणि दिवसाच्या उजेडात पाहावी. चहा, हळदीचे दूध किंवा पान यांनी जिभेचा थर रंगतो, आणि पिवळ्या दिव्याखाली तर कोणतीही जीभ पिवळसर दिसते. नाडीपरीक्षा मात्र घरी करू नये, ते प्रशिक्षित वैद्याचे काम आहे.

टप्पा २: कोणी हा काढा घेऊ नये

उचकी सलग ४८ तासांहून जास्त टिकली तर ती साधी उचकी राहत नाही. मूत्रपिंड निकामी होणे, मेंदूतील आघात, छातीतील किंवा पोटातील गाठ, काही औषधांचे परिणाम अशी अनेक कारणे तिच्यामागे असू शकतात, त्यामुळे आधी तपासणी करून घ्यावी. उचकीसोबत छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायात एकाएकी शक्ती नसणे, तीव्र डोकेदुखी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, काळी शौच, यांपैकी काहीही असेल तर ४८ तासही थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे.

याखेरीज पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काढा तोंडाला लावू नये: गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, लहान मुले, जठरव्रण असलेले, वॉरफेरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे कोणतेही औषध घेणारे, मधुमेहाची औषधे चालू असलेले, रक्तदाब अनियंत्रित असलेले, यकृताचा विकार असलेले आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे असे रुग्ण. जिनसेंगमुळे वॉरफेरिनचा परिणाम कमी झाल्याची आणि रक्तातील साखर खाली गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. केमोथेरपी चालू असताना, विशेषतः तिच्याबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे, उचकी लागते. तीही आपल्या कर्करोगतज्ज्ञांना कळवावी, स्वतःच्या मनाने काढा सुरू करू नये.

सावधान: गरोदरपणातील सकाळची मळमळ हे या काढ्याचे क्षेत्र नाही.

टप्पा ३: जिन्नस ओळखून घ्या, मग वजन करा

प्रौढ व्यक्तीच्या एका दिवसाच्या काढ्यासाठी माप असे आहे:

पर्सिमॉनची टोपी: ९ ग्रॅम
लवंग: ३ ग्रॅम
जिनसेंग: ३ ग्रॅम
ओले आले: ६ ग्रॅम

जुन्या पाठात लवंग ६ ग्रॅम दिलेली आढळते, परंतु चीनची अधिकृत औषधसंहिता लवंगेची दिवसाची मात्रा १ ते ३ ग्रॅम सांगते. घरी काढा करताना ३ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. ही मापे चमच्याने किंवा मुठीने घेता येत नाहीत, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा लहान डिजिटल काटा हवाच.

पर्सिमॉनची टोपी म्हणजे वनस्पतिशास्त्रातील निदलपुंज. वांग्याच्या देठाभोवती असते तशी ही चार पाळ्यांची टोपी पिकलेल्या फळावरून काढून वाळवलेली असते. चांगला नमुना हातात घेऊन पाहिला तर तो दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद, चपटा-गोल असतो. मधला भाग जाड आणि किंचित उंच, त्यावर फळ सुटून आल्याचा गोल वण, कडा पातळ आणि पाळ्या मागे वळलेल्या. बाहेरून रंग तपकिरी-पिवळा ते तांबूस, आतल्या बाजूला पिवळसर तपकिरी बारीक लव दाटून बसलेली. तो कडक असतो, पण दाबला की सहज मोडतो. वास जवळजवळ नसतो आणि चव तुरट लागते. बुरशीचा कुबट वास आला, किंवा टोपी वाकते पण मोडत नाही असे झाले, तर माल दमट आहे, घेऊ नये.

सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग या शहरांत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा जिन्नस चिनी औषधांच्या दुकानात सहज मिळतो, आणि सिंगापूरमध्ये तर नोंदणीकृत चिनी वैद्याचा सल्लाही घेता येतो. भारतात पर्सिमॉन हिमाचल प्रदेशात पिकते, तिथे त्याला जापानी फळ म्हणतात, आणि हंगामात ते मोठ्या शहरांतल्या फळबाजारात येते. तरीही बाजारातल्या फळाची टोपी घरी वाळवून औषध म्हणून वापरावी असे मी सुचवणार नाही, कारण फवारणीचे अवशेष देठाच्या खाचेतच सर्वाधिक अडकतात. आपल्याकडची टेंभुर्णी पर्सिमॉनच्याच कुळातली आहे, पण तिची टोपी या काढ्यात बदली म्हणून चालत नाही.

लवंग म्हणजे न उमललेली कळी. तिच्या डोक्यावर गोल बोंड शाबूत हवे. नखाने देठ दाबला की तेलाचा ओलसर डाग दिसला पाहिजे. पाण्याच्या पेल्यात टाकल्यावर चांगली लवंग बुडते किंवा डोके वर ठेवून उभी राहते, आणि तेल काढून घेतलेली लवंग आडवी तरंगते. स्वयंपाकघरातल्या बरणीत वर्षभर पडलेल्या लवंगा या चाचणीत हमखास नापास होतात.

सावधान: लवंगेच्या जागी बाटलीतले लवंगतेल कधीही घालू नये. त्यातील युजेनॉल इतके संहत असते की ते पोटात गेल्याने, विशेषतः लहान मुलांत, यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

जिनसेंगच्या बाबतीत नावामुळे फसगत होते. इथे हवे ते आशियाई जिनसेंग, ज्याला चीनमध्ये रनशन म्हणतात. अमेरिकन जिनसेंग चिनी वैद्यकात शीत गुणाचे मानले जाते, म्हणजे या काढ्याच्या हेतूच्या विरुद्ध. सायबेरियन जिनसेंग ही तर वेगळीच वनस्पती आहे. आणि ‘भारतीय जिनसेंग’ म्हणून जी पाकिटे विकली जातात त्यांत अश्वगंधा असते. ती इथे अजिबात घालू नये. चीनमधील वैद्य पुष्कळदा रनशनऐवजी स्वस्त असे दांगशन हे मूळ जास्त मात्रेत वापरतात, परंतु ही अदलाबदल वैद्यानेच करावी.

आले ओलेच हवे. सुंठ आतून ऊब देते, पण मळमळ आणि उलटी थांबवण्याचे काम परंपरेने ओल्या आल्याकडेच दिलेले आहे. आल्याची साल चिनी वैद्यकात थंड गुणाची मानतात, म्हणून या काढ्यासाठी ती खरवडून काढावी आणि सोललेल्या आल्याचेच वजन करावे.

आणखी एक नियम. चिनी परंपरेत लवंग आणि युजिन हे मूळ एकत्र देत नाहीत, आणि युजिन म्हणजे हळदीच्या कुळातील वनस्पतींची गाठाळ मुळे. ही मनाई औषधी मात्रेसाठी आहे. गोड्या मसाल्यात लवंग आणि हळद एकत्र असतात म्हणून जेवण बदलण्याची गरज नाही, मात्र ‘गुणकारी आहे’ म्हणून काढ्यात हळद टाकू नये.

टप्पा ४: भांडे आणि भिजवण

मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे सर्वांत चांगले. ते नसेल तर काचेचे, न उडालेल्या इनॅमलचे किंवा स्टीलचे पातेले घ्यावे. लोखंडी भांडे टाळावे, कारण पर्सिमॉनच्या टोपीत टॅनिन असते आणि लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काढा काळा पडतो. अॅल्युमिनियम आणि कल्हई नसलेले तांबे-पितळ हेही वर्ज्य. प्रेशर कुकर वापरू नये, त्यात वेळेवर लवंग घालता येत नाही आणि सुवास शिट्टीवाटे निघून जातो.

टोप्या वाहत्या पाण्याखाली पटकन धुवाव्यात, घासत बसू नये. मग प्रत्येकीचे दोन-तीन तुकडे करून ५०० मिलिलिटर थंड पाण्यात ३० मिनिटे भिजवाव्यात. भिजवणीचे पाणी गरम नसावे, कारण गरम पाण्याने वरचा थर आवळला जातो आणि आतला अर्क नीट उतरत नाही. भिजवलेले पाणी फेकू नये, काढा त्याच पाण्यात करायचा आहे. लवंग आणि आले भिजवण्याची गरज नाही.

टप्पा ५: जिनसेंग वेगळे शिजवा

हे काम सर्वांत आधी सुरू करावे, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. जिनसेंगचे पातळ काप झाकणाच्या लहान वाटीत घालून त्यावर १०० मिलिलिटर पाणी ओतावे. ही वाटी पाणी असलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवावी आणि बाहेरचे पाणी मंद उकळत ठेवून साधारण एक तास शिजू द्यावे. बाहेरचे पाणी वाटीच्या निम्म्यापर्यंतच असावे आणि आटले तर उकळते पाणीच वाढवावे.

जिनसेंग इतर जिनसांबरोबर उकळले तर दोन प्रकारे नुकसान होते: वीस मिनिटांत ते पुरते उतरत नाही, आणि जे उतरते त्यातले बरेच इतर चोथ्यात मुरून वाया जाते. एवढे महाग मूळ असे फुकट घालवू नये. शिजलेले काप टाकायचे नाहीत, ते चावून खाता येतात.

टप्पा ६: मुख्य काढा

१. आल्याचे पातळ काप भिजलेल्या टोप्यांच्या पातेल्यात घालावेत आणि झाकण ठेवून मोठ्या आचेवर उकळी आणावी.

२. उकळी येताच आच अगदी मंद करावी आणि २० मिनिटे ठेवावे. पाणी नुसते हलत राहावे, खळखळू नये.

३. या वेळात लवंगा खलबत्त्यात हलक्या हाताने फोडाव्यात. पूड करू नये, कळ्या फुटल्या की पुरे. आधीच फोडून ठेवल्या तर तेल उडून जाते. फोडलेल्या लवंगांची मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधावी.

४. वीस मिनिटांनंतर पुरचुंडी काढ्यात सोडावी, झाकण लगेच लावावे आणि फक्त ५ मिनिटे मंद आचेवर ठेवावे.

५. आच बंद करून झाकण न उघडता आणखी ५ मिनिटे थांबावे, पुरचुंडी पिळून बाजूला ठेवावी आणि काढा दुहेरी मलमलमधून गाळावा.

गाळण्यासाठी चहाची गाळणी पुरत नाही. टोपीच्या आतली लव तिच्यातून निसटते आणि घशात टोचते, आणि ज्याला आधीच मळमळत आहे त्याला तेवढे कारण उलटीला पुरते.

घरभर लवंगेचा घमघमाट सुटला म्हणजे काढा उत्तम झाला, असे समजणारे पुष्कळ आहेत. खरे तर तो वास पातेल्यातून निघून गेलेल्या तेलाचा असतो. चांगल्या काढ्याचा वास झाकण उघडल्यावर यावा आणि चव पेल्यात सापडावी: आधी आल्याचा तिखटपणा, मागून लवंगेची ऊब आणि शेवटी जिभेवर राहणारा तुरटपणा.

तपासा: गाळलेला काढा साधारण २०० ते २५० मिलिलिटर भरला पाहिजे. फार कमी भरला तर आच मोठी होती. तळाला लागून करपला असेल तर पाणी घालून सावरू नये, सगळा टाकून द्यावा.

टप्पा ७: दुसरे पाणी

उरलेल्या टोप्या आणि आल्यावर ३०० मिलिलिटर गरम पाणी घालून मंद आचेवर १५ मिनिटे उकळावे. तीच लवंगेची पुरचुंडी शेवटच्या ५ मिनिटांसाठी पुन्हा सोडावी आणि पूर्वीसारखेच गाळावे. मग पहिला काढा, दुसरा काढा आणि जिनसेंगचे पाणी एकत्र करून त्याचे दोन समान भाग करावेत. पहिला काढा सकाळी आणि दुसरा संध्याकाळी असे देऊ नये, कारण दोन्हींची तीव्रता सारखी नसते. तिसरे पाणी काढण्यात अर्थ नाही.

टप्पा ८: कसा प्यावा

सकाळी एक भाग आणि संध्याकाळी एक भाग, दोन जेवणांच्या मधल्या वेळात आणि कोमटपेक्षा थोडा गरम असताना घ्यावा. गार झालेला काढा जठराला थंडच पोचतो, आणि तापलेला काढा घाईने गिळला तर उचकीला नवे निमित्त मिळते.

फक्त उचकी असेल तर पाच-सात मिनिटांत सावकाश घोट घ्यावेत. मळमळ असेल तर पद्धत बदलावी लागते. आधी ओल्या आल्याच्या रसाचे दोन-तीन थेंब जिभेवर घ्यावेत, मग दोन चमचे काढा, मग दहा मिनिटे थांबून पुन्हा दोन चमचे. एक भाग संपायला तासभर लागला तरी हरकत नाही. प्यायल्यावर लगेच आडवे होऊ नये.

साखर, गूळ किंवा मध घालून तुरटपणा झाकण्याचा मोह होतो. अगदीच गिळवत नसेल तर चिमूटभर गूळ चालेल, पण दूध घालून त्याचा चहा करू नये. या दिवसांत थंड पाणी, आइस्क्रीम, फ्रिजमधले दही आणि कच्च्या कोशिंबिरी बंद ठेवाव्यात. जिनसेंगबरोबर मुळा आणि कडक चहा चिनी परंपरेत टाळतात, तेव्हा तेवढा नियमही पाळावा. मऊ भात आणि गरम पातळ वरण उत्तम.

सावधान: काढा घेतल्यावर छातीत जळजळ, तोंड कोरडे पडणे, तोंडात फोड येणे, झोप उडणे किंवा अंगावर पुरळ दिसले तर पुढचा भाग घेऊ नये. पुरळाबरोबर ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ती तातडीची परिस्थिती समजावी.

टप्पा ९: कधी थांबायचे

उचकी थांबली की काढाही थांबवावा. जिनसेंग आहे म्हणून शक्तीसाठी महिनाभर चालू ठेवणे ही वेगळीच चूक आहे. उष्ण आणि तुरट जिनसांचा हा काढा टॉनिक नव्हे. अधूनमधून उलटणारी उचकी दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, तर मात्रा वाढवू नये. निदान चुकले आहे असे समजून वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे जावे, आणि काय काय किती दिवस घेतले ते कागदावर लिहून न्यावे. इतर गोळ्या चालू असतील तर त्यांची नावेही त्याच कागदावर असावीत.

काढा रोज ताजा करावा. संध्याकाळचा भाग झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि घेण्यापूर्वी गरम पाण्याच्या भांड्यात पेला ठेवून तापवावा, थेट आचेवर उकळू नये, नाहीतर सांभाळून उतरवलेली लवंग तिथे उडून जाते. दुसऱ्या दिवशीवर काही उरले तर टाकून द्यावे. कोरड्या टोप्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्यांच्या आतल्या लवेवर बुरशी लवकर धरते, म्हणून वापरण्यापूर्वी प्रत्येक टोपी उलटी करून पाहावी.